गांधीलमाशीचें अंग

कोणतेंहि वाहन प्रथम स्वतःचें ओझें वाहतें आणि मग दुसऱ्याचें. गाडीला जुंपलेले बैल आधीं गाडी ओढतात, पोतीं नंतर. मोटारीचें यंत्रहि आपल्या शक्तीचा पहिला वांटा स्वतःच्या लोखंडाला देतें, आणि उरेल तो उतारूंच्या व मालाच्या वांट्यास येतो. म्हणून वाहनाचें वजन हा नुसता तराजूचा प्रश्न नव्हे. ज्याला पेट्रोल मोजून भरावें लागतें, ज्याची दिवसाची कमाई पाठीमागच्या हौद्यांत किती क्रेट मावले यावर ठरते, त्याच्या दृष्टीनें तो संसाराचाच प्रश्न आहे.

पुणें जिल्ह्यांतील बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत या प्रश्नाचीं दोन उत्तरें तयार होऊन बाहेर पडतात. एकाचें नांव वेस्पा, दुसऱ्याचें आपे. पहिलें दोन चाकांचें, दुसरें तीन चाकांचें. इटालियन भाषेंत वेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या या मुलुखांत आपेची ‘अ‍ॅपे’ झाली, आणि तें नांव आतां कोणास परकें वाटत नाहीं. हीं दोन्ही वाहनें आकारानें लहान व दिसण्यांत साधीं आहेत. परंतु त्यांच्या मुळाशीं असलेली कल्पना विमानांच्या कारखान्यांत वाढलेली आहे. हलकें असणें म्हणजे दुबळें असणें नव्हे, हा त्या कल्पनेचा सारांश होय.

ही कल्पना समजण्यासाठीं निसर्गाकडे पाहावें. निसर्गानें प्राण्यांचीं शरीरें मुख्यतः दोन रीतींनीं बांधलीं आहेत. माणूस, बैल, घोडा यांचीं हाडें आंत असतात. मांस व कातडी त्यांवर चढविलेली असते. भार हाडें घेतात, कातडी घेत नाहीं. उलट खेकडा, झिंगा, मुंगळा, गांधीलमाशी यांच्या अंगांत हाड म्हणून नसतेंच. बाहेरचें कठीण कवच हाच त्यांचा सांगाडा आणि तेंच त्यांचें चिलखत. जुन्या मोटारी पहिल्या जातीच्या होत्या. खालीं दोन जाड लोखंडी तुळ्या, त्यांवर यंत्र व चाकांचे आंस, आणि या सर्वांवर ठेवलेला लाकडाचा वा पत्र्याचा डबा. तो डबा उतरून ठेवला तरी गाडी चालूं शके. कारण तो ऊन, पाऊस व धूळ यांपासून रक्षण करण्यापलीकडे कांहींच करीत नसे. मोठ्या मालमोटारी आजहि याच रीतीनें बांधतात. तेथें ती रीति योग्यच आहे. पण लहान वाहनांत तिच्यामुळें एक अपव्यय होतो. पत्र्याचें वजन तर वाहावयाचें, आणि त्याच्याकडून काम मात्र घ्यावयाचें नाहीं!

दुसऱ्या जातींत पत्र्यालाच कामाला लावलेलें असतें. पातळ पत्रा भार कसा घेईल, अशी शंका येणें साहजिक आहे. श्रोत्यांनीं घरच्या घरीं एक प्रयोग करून पाहावा. एक पोस्टकार्ड उभें धरून त्याच्या कडेवर वाटी ठेवूं गेल्यास तें तत्काळ वांकेल. तेंच कार्ड गुंडाळून त्याची नळी करावी, ती दोऱ्यानें बांधावी, आणि नळी उभी करून तिच्यावर एखादें जाड पुस्तक अलगद ठेवावें. पुस्तक सुखानें राहील. कागद तोच, वजन तेंच. बदलला तो केवळ आकार. सपाट कागद भार येतांच बाजूला पळतो. नळींत मात्र एक भाग बाजूला पळूं लागला कीं शेजारचा भाग त्याला अडवितो, त्याला त्याच्या पुढचा अडवितो, आणि अशा रीतीनें सारी नळी मिळून भार घेते. बांबू पोकळ असूनहि वाऱ्यांत उभा राहतो याचें कारणहि हेंच. द्रव्य मध्यावर गोळा करण्यापेक्षां कडेला पसरल्यास तें वांकण्याला अधिक विरोध करतें. विमान बांधणाऱ्यांनीं हा धडा मोटार बांधणाऱ्यांच्या आधीं आणि अधिक कसोशीनें गिरविला, कारण विमानांत अनावश्यक वजनाला क्षमा नाहीं.

इटलींतील पियाजिओ हा कारखाना अशाच विद्येंत वाढलेला होता. रिनाल्दो पियाजिओ यांनीं १८८४ सालीं जिनोव्हाजवळ त्याचा आरंभ केला. प्रथम जहाजांच्या अंतर्भागाचें सामान, मग रेल्वेचे डबे, मग विमानें व विमानांचीं यंत्रें, असा त्याचा विस्तार होत गेला. तोस्काना प्रांतांतील पोंतेदेरा या गांवीं त्यांचा मोठा विमान-कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धांत तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलें तेव्हां पराभूत इटलीला विमानें बांधण्याची मोकळीक नव्हती, रस्ते उखडलेले होते, आणि मोटार घेण्याची ऐपत फारच थोड्यांची उरली होती. कारखान्याकडे हजारों कामगार होते, पत्रा दाबण्याची व जोडण्याची विद्या होती. पण बांधावयाचें काय, हा प्रश्न होता. रिनाल्दोंचे चिरंजीव एन्रिको पियाजिओ यांनीं त्याचें उत्तर ठरविलें: सामान्य माणसाला परवडेल असें लहान दुचाकी वाहन.

पहिला नमुना तयार झाला तो त्यांच्या मनास आला नाहीं. त्याचें अंग मधोमध उंच होतें. स्वाराला त्यावर पाय टाकून बसावें लागे. लोकांनीं त्याला बदकाचें टोपणनांव दिलें. तेव्हां एन्रिको यांनीं हें काम कोर्रादीनो दास्कानियो या विमान-अभियंत्याकडे सोंपविलें. दास्कानियो यांचा जन्म १८९१ चा. त्यांचें मन हेलिकॉप्टरमध्यें गुंतलेलें होतें. १९३० च्या ऑक्टोबरांत रोमजवळ चाम्पीनो येथें त्यांच्या हेलिकॉप्टरनें ८ मिनिटें ४५ सेकंद हवेंत राहून त्या काळचा विक्रम केला होता. मोटारसायकल हें वाहन त्यांना आवडत नसे. तिची साखळी कपड्यांवर तेल उडविते, तिचें चाक पंक्चर झालें तर काढणें जिकिरीचें होतें, आणि तिच्यावर चढावयाचें म्हणजे घोड्यावर चढल्यासारखें टांग टाकावी लागते, हीं त्यांचीं तीन गाऱ्हाणीं होतीं. मोटारसायकलीविषयीं प्रेम नसणें हीच त्यांची मोठी पुंजी ठरली. जुनी वस्तु सुधारण्याऐवजीं त्यांनीं नवी वस्तु कल्पिली.

त्यांनीं नळ्यांचा सांगाडा रद्दच केला. दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे एकमेकांस जोडून एकच अंग तयार केलें. पुढची ढाल, पाय ठेवण्याची सपाट फळी आणि बैठकीखालचा फुगीर भाग हे दिसावयास वेगळे असले तरी भार घेण्याच्या दृष्टीनें एकच आहेत. ढालीमुळें चिखल व वारा अडतो आणि तीच ढाल हँडलाकडून येणारे धक्के खालीं पोंचविते. बैठकीखालचा भाग यंत्र झांकतो आणि स्वाराचें वजनहि तोलतो. एका पत्र्याकडून दोन कामें करून घेणें, हेंच या रचनेचें मर्म आहे.

साखळीचा प्रश्न त्यांनीं ती काढूनच टाकून सोडविला. यंत्र थेट मागच्या चाकाजवळ बसविलें. शक्ति दांत्यांच्या चक्रांतून चाकास मिळूं लागली. गिअर बदलण्याची सोय पायाऐवजीं हँडलाच्या डाव्या मुठींत आली. पुढचें चाक दोन शिंगांच्या चिमट्यांत धरण्याऐवजीं त्यांनीं तें एकाच बाजूच्या दांड्यावर बसविलें. विमानाचें उतरण्याचें चाक ज्या रीतीनें टांगलेलें असतें तीच ही रीति. त्यामुळें चाक मोटारीच्या चाकाप्रमाणें बाजूनें सोडवितां येऊं लागलें. शिवाय चाकाची वाटी दोन पाकळ्यांची, बोल्टांनीं जोडलेली. बोल्ट काढले कीं पाकळ्या अलग होतात आणि ट्यूब हातांत येते. पंक्चरच्या दुकानापासून दूर अडकलेल्या माणसालाच या सोयीची खरी किंमत कळते.

यंत्र होतें ९८ घन सेंटीमीटरचें, दोन ठोक्यांचें. चार ठोक्यांच्या यंत्रांत हवा आंत घेणें, ती दाबणें, स्फोट आणि धूर बाहेर टाकणें या चार क्रियांसाठीं दट्ट्याला चार फेऱ्या कराव्या लागतात. म्हणून आंस दोनदां फिरेल तेव्हां एकदां स्फोट होतो. दोन ठोक्यांच्या यंत्रांत दट्ट्या वर जातांना व खालीं येतांनाच सिलिंडरच्या भिंतींतील भोकें उघडतो आणि झांकतो. तेथें निराळ्या झडपा नाहींत, त्या हालविणारे दांडे नाहींत, आणि आंसाच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट मिळतो. भाग थोडे, वजन थोडें, किंमत थोडी. दोष असा कीं वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें व तें जळून निळसर धूर निघतो. शिवाय कांहीं ताजें इंधन न जळतांच निसटतें. त्या वेळीं हा दोष लहान मानला गेला. यंत्र पत्र्याआड झांकलेलें असल्यामुळें त्याला वाऱ्याचा झोत लागत नसे. म्हणून आंसावरील जड चाकालाच पंख्याचीं पातीं देऊन हवा सिलिंडरवर ढकलण्याची योजना केली. एवढें सर्व करून शक्ति मिळाली ती सव्वातीन अश्वशक्तीच्या आंत. पण ओढावयाचें अंग हलकें असल्यामुळें तेवढ्यावर हें वाहन ताशीं ६० किलोमीटरपर्यंत धांवे.

२३ एप्रिल १९४६ रोजीं फिरेन्झे येथें या रचनेच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. नमुना पाहतांच त्याची बारीक कंबर, फुगीर मागची बाजू आणि यंत्राची गुणगुण यांवरून एन्रिको पियाजिओ यांना गांधीलमाशी आठवली, असें सांगतात. नांव पडलें तें आकारावरून. पण त्यांत कोणाच्या लक्षांत न आलेलें एक औचित्य होतें. गांधीलमाशीचा सांगाडा बाहेर असतो, आणि या वाहनाचाहि. दहाच वर्षांत, १९५६ सालीं, दहा लाखावी वेस्पा कारखान्यांतून बाहेर पडली.

दहा लाख हा आंकडा येथें शोभेसाठीं दिलेला नाहीं. पत्र्याच्या कवचाची रीति आणि मोठी संख्या यांचें घट्ट नातें आहे. पत्र्याला असा वांकदार आकार देण्यासाठीं पोलादाचे जड साचे लागतात, आणि ते दाबण्यासाठीं प्रचंड दाबयंत्रें. मग पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून तांब्याच्या दोन टोंकांमध्यें धरतात आणि क्षणभर मोठा विद्युत्प्रवाह सोडतात. त्या ठिपक्यापुरता पत्रा वितळून एकजीव होतो. असे ठिपके ओळीनें दिले कीं टांका पूर्ण होतो. एक अंग तयार करण्यास वेळ थोडा लागतो. पण पहिलें अंग निघण्यापूर्वीं साच्यांवर फार मोठी रक्कम खर्ची पडलेली असते. ती हजारों वाहनांवर वांटली गेली तरच एक वाहन स्वस्त होतें. लहान कर्मशाळेला ही रीति झेपत नाहीं.

याच काळांत इंग्लंडमध्यें कोलिन चॅपमन या अभियंत्यानें हलकेपणाचा हाच ध्यास निराळ्या मार्गानें चालविला होता. त्याच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं ‘सेव्हन’ ही दोन माणसांची उघडी वेगवान मोटार काढली. तिच्यासाठीं पत्र्याचे साचे नव्हते. बारीक पोलादी नळ्या जोडून पिंजरा केला होता आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढविला होता. ही गाडी सुट्या भागांच्या रूपांत विकत मिळे व घेणारा ती घरीं जोडी. तसें केल्यानें त्या देशांतील खरेदी-कर वांचत असे. यंत्र अगदीं साधें, पण गाडी इतकी हलकी कीं मोठमोठ्या यंत्रांच्या गाड्यांना ती वळणांवर मागें टाकी. त्याच वर्षीं चॅपमननें ‘एलिट’ ही दुसरी गाडी लंडनच्या प्रदर्शनांत ठेवली. तिचें सारें अंग कांचतंतु व राळ यांचें एकसंध कवच होतें. पण यंत्राचा व पुढच्या चाकांचा भार जेथें येई तेथें त्याला आंतून पोलादाचा आधार द्यावा लागला. ही गाडी सुमारें एक हजारच निघाली. १९६२ च्या ‘एलान’मध्यें कंपनी पुन्हां पोलादाच्या एका मधल्या कण्याकडे वळली, आणि त्याच वर्षीं शर्यतीच्या मोटारींत मात्र तिनें ॲल्युमिनियमचें भार घेणारें कवच वापरून सर्वांना नवा मार्ग दाखविला. यावरून दिसतें कीं हलकेपणाचें तत्त्व एक असलें तरी त्याची रीति संख्येवर अवलंबून असते. थोड्या गाड्या करणारानें नळ्या जोडाव्यात वा कांचतंतूचा साचा करावा. लाखों करणारानेंच पत्रा दाबावा. महाराष्ट्रांतहि याचें उदाहरण आहे. अलिबागजवळ चिंकारा या लहान कंपनीनें ‘सेव्हन’च्या धर्तीवर जी उघडी मोटार बांधली, तिचें अंग कांचतंतूचें होतें आणि यंत्र कॉन्टेसा मोटारींतलें होतें.

वेस्पाच्या पाठोपाठ १९४८ सालीं पियाजिओनें आपे आणली. तिची मूळ कल्पना अगदीं सरळ होती. वेस्पाचा पुढचा भाग तसाच ठेवावयाचा, आणि मागें एका चाकाऐवजीं दोन चाकें देऊन त्यांवर हौदा बसवावयाचा. १२५ घन सेंटीमीटरच्या यंत्रावर ती २०० किलो माल नेई. युद्धानंतरच्या इटलींत भाजीवाला, पाववाला, कुंभार, गवंडी यांना घोडागाडी व मालमोटार यांच्यामधली पायरी तिनें दिली. तीन चाकांची निवडहि विचारपूर्वक होती. तीन दगडांची चूल कोणत्याहि जमिनीवर डगमगत नाहीं. चौथा दगड आला कीं खालीं चिपाट सारावें लागतें. तीन चाकेंहि खांचखळग्यांत एकाच वेळीं भुईला टेकलेलीं राहतात, त्यामुळें सांगाड्याला पीळ कमी बसतो आणि तो हलका ठेवतां येतो. मात्र या लाभाची एक किंमत आहे. पुढें एकच चाक असल्यानें गाडीचा तोल त्रिकोणांत बांधलेला असतो. वेगानें वळण घेतलें, किंवा माल उंच रचला, तर ओझ्याचा भार त्या त्रिकोणाबाहेर सरकतो आणि गाडी कलंडते. ओझें खालीं ठेवावें, मागच्या आंसाजवळ ठेवावें आणि वळणावर वेग आवरावा, हे तीन नियम आपे चालविणारानें प्राणांप्रमाणें जपावे लागतात. हलक्या वाहनावर बेसुमार माल लादणें म्हणजे त्याच्या हलकेपणाचा गैरफायदा घेणें होय.

हिंदुस्थानांत या दोन्ही माश्या लवकरच येऊन पोंचल्या. माणसानें माणसाला ओढून नेण्याची रिक्षा बंद व्हावी आणि तिच्या जागीं यंत्राची रिक्षा यावी, यासाठीं नवलमल फिरोदिया यांनीं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत पुढाकार घेतला. आजची तीन चाकी ऑटोरिक्षा या खटपटींतून रूढ झाली. वेस्पा स्कूटर प्रथम बाहेरून आणून विकणाऱ्या बजाज कंपनीला पुढें ती येथेंच करण्याचा परवाना मिळाला, आणि १९६० नंतर पुण्याजवळ आकुर्डी येथें पियाजिओशीं झालेल्या करारानुसार १५० घन सेंटीमीटरची वेस्पा तयार होऊं लागली. १९७१ सालीं हा करार संपला. स्कूटर तीच राहिली, पण तिच्यावरचें नांव बदललें. १९७२ पासून ती महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नांवानें ‘चेतक’ म्हणून धांवूं लागली. दहा-बारा वर्षांच्या करारांत या देशाला केवळ एक वाहन मिळालें नव्हतें. साचे करण्याची, पत्रा दाबण्याची, ठिपक्यांनीं जोडण्याची आणि सुटे भाग करणाऱ्या शेंकडों लहान कर्मशाळा सांभाळण्याची विद्या मिळाली होती. करार संपला तरी ती परत करावी लागली नाहीं. १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यांतून ‘प्रिया’ स्कूटर निघूं लागली, ती याच कुळांतली.

त्या काळीं स्कूटर मिळविणें हें नवससायासाचें काम होतें. सरकारी परवान्यानें उत्पादनाला मर्यादा होती आणि मागणी अफाट होती; नांव नोंदवून कित्येक वर्षें, कधीं दहा वर्षें, वाट पाहावी लागे. लग्नाच्या बैठकींत नोंदणीची पावती पुढें ठेवली जात असे. स्कूटर घरीं आली कीं तीवर अवघें कुटुंब बसे: वडील हँडलाशीं, धाकटें मूल पुढें सपाट फळीवर उभें, आई मागें एका बाजूनें, आणि तिच्या मांडीवर तान्हें. लुगडें नेसलेल्या बाईला टांग टाकावी लागत नाहीं, ही दास्कानियो यांची सोय इटलीपेक्षां येथेंच अधिक उपयोगी पडली असेल. यंत्र उजवीकडे असल्यामुळें या स्कूटरचा तोल किंचित् त्या अंगाला असे, आणि सवारीला तें अंगवळणीं पडे. थंडीच्या सकाळीं ती सुरू होईना कीं तिला आडवी कलती करावयाची, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरांत उतरे, आणि मग किक मारावयाची, हा विधि अनेक आळ्यांतून नित्य दिसे.

पुढें दोन ठोक्यांच्या यंत्राचा जो दोष लहान मानला गेला होता तो मोठा झाला. शहरें धुरानें भरूं लागलीं. २००० सालापासून देशांत धुराविषयींचे नियम कडक होत गेले, आणि साध्या दोन ठोक्यांच्या स्कूटरचे दिवस भरले. त्याच सुमारास चार ठोक्यांच्या मोटारसायकली थोड्या पेट्रोलांत अधिक अंतर जाऊं लागल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चेतकचें उत्पादन थांबलें. पुढें २०२० सालीं तेंच नांव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यांत आलें.

बारामतीचा प्रवेश या कथेंत होतो तो येथें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. उद्योग मुंबई-पुण्यांतच साचून राहूं नयेत, ते तालुक्याच्या गांवांपर्यंत जावेत, हा त्यामागचा एक हेतु होता. पुण्यापासून सुमारें शंभर किलोमीटरवर, ऊस आणि साखर यांवर उभ्या राहिलेल्या बारामतींत अशी वसाहत वसली. येथें पियाजिओनें ग्रीव्हज या भारतीय कंपनीच्या भागीदारींत कारखाना काढला, आणि १९९९ सालीं आपे येथून बाहेर पडूं लागली. पुढें कारखाना पूर्णपणें पियाजिओचा झाला. भारतीय आपेला पेट्रोलचें यंत्र न देतां ग्रीव्हजचें सुमारें ४०० घन सेंटीमीटरचें एक सिलिंडरचें डीझेल यंत्र दिलें होतें. यंत्र एकच सिलिंडरचें, त्यामुळें त्याचा ठोका गांवभर ऐकूं येई. पण सुमारें अर्धा टन माल घेऊन तें थोड्या इंधनांत चालत राही, आणि गांवच्या मिस्त्रीला तें उघडतां व जुळवितां येई. ऊसपट्ट्यांतील दूध, भाजी व पशुखाद्य, इंदापुराकडचीं डाळिंबें, उजनीच्या पाण्यांतली भिगवणची मासळी, अशा मालाला पूर्ण मालमोटार भरण्याइतकी रास नसते, आणि बैलगाडीला दम नसतो. ती मधली जागा तीन चाकांच्या टेम्पोंनीं भरली. ज्याच्याजवळ दोन एकर जमीन आणि एक अ‍ॅपे आहे, तो आपला माल स्वतः बाजारांत नेऊं शकतो. भाव पटला नाहीं तर परतहि आणूं शकतो. भाव न पटल्यास परत येण्याची सोय असणें, ही लहान शेतकऱ्याच्या हातांतली थोडकी शक्ति नव्हे.

२०१२ च्या एप्रिलांत बारामतींतच वेस्पाचा कारखाना सुरू झाला. आरंभींच त्याची शक्ति वर्षाला दीड लाख वाहनांची ठेवलेली होती. पत्र्याच्या कवचाला मोठी संख्या कां लागते हें ध्यानीं घेतल्यास तो आंकडा आपोआप समजतो. हें वाहन १९४६ चें नव्हे. त्याचें यंत्र १२५ घन सेंटीमीटरचें, चार ठोक्यांचें, तीन झडपांचें आहे; गिअर मुठीनें बदलावे लागत नाहींत, पट्टा व सरकत्या चक्रांनीं ते आपोआप जुळतात. पण चार गोष्टी तशाच आहेत. अंग पोलादी पत्र्याचें आहे आणि तेंच सांगाडा आहे. पुढचें चाक एकाच दांड्यावर आहे. यंत्र मागच्या चाकाजवळ आहे. आणि पाय ठेवावयास सपाट फळी आहे. आज बहुतेक स्कूटरी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचें अंग चढवून करतात, कारण ती रीति स्वस्त पडते व आकार बदलणें सोपें जातें. म्हणजे माणसाची व बैलाची शरीररचना पुन्हां चलनांत आली आहे. बारामतीची वेस्पा मात्र गांधीलमाशीच राहिली.

कवचाच्या रीतीला दोष नाहींत असें समजूं नये. जेथें कातडी हाच सांगाडा, तेथें कातडीचा रोग हाडाला लागतो. नळ्यांच्या सांगाड्यावरील प्लॅस्टिक फुटलें तर नवें बसवितां येतें. पण पत्र्याच्या अंगाला जोराची धडक बसली तर चाकांची रेषाच बदलूं शकते, आणि वरवर रंग देऊन ती सरळ होत नाहीं. गंज हा त्याहून मोठा शत्रु. कोंकणच्या पावसांत, पायाच्या फळीखालीं साचलेला चिखल महिनोन्महिने राहिला तर पत्रा आंतून पोखरला जातो. म्हणून खालची भोकें मोकळीं ठेवणें, पावसाळ्याआधीं व नंतर तळ धुऊन कोरडा करणें, आणि खरवडा पडला तर लगेच रंग लावणें, ही निगा येथें शोभेची नसून सांगाड्याची निगा असते. जाड लोखंड हलगर्जीपणा सोसतें. पातळ पत्रा सोसत नाहीं.

हलकेपणाचा हिशेब विजेच्या युगांत पुन्हां नव्यानें मांडावा लागत आहे. २०१९ च्या अखेरीस पियाजिओनें विजेवर चालणारी आपे बाजारांत आणली. विजेची मोटर धूर सोडत नाहीं, तिला गिअरांचा व्याप लागत नाहीं, आणि ती आरंभापासूनच पूर्ण ओढ देते. पण विजेचा सांठा जड असतो. एक किलो डीझेलांत जेवढी ऊर्जा असते तेवढी एक किलो बॅटरींत अद्याप मावत नाहीं. अधिक अंतर जावयाचें तर बॅटरी वाढवावी लागते. बॅटरी वाढली कीं वजन वाढतें. आणि वाढलेलें वजन ओढण्यांतच तिची कांहीं वीज खर्चीं पडते. या फेऱ्यांतून सुटण्याचा एक मार्ग बॅटरी सुधारण्याचा आहे, आणि दुसरा जुनाच, अंग हलकें करण्याचा. पोंतेदेराच्या पडक्या कारखान्यांत इंधन व लोखंड दोन्ही दुर्मिळ असतां जो विचार करावा लागला, तोच विचार आतां सुबत्तेच्या काळांतहि करावा लागणार आहे.

दास्कानियो १९८१ सालीं वारले. हेलिकॉप्टर हें त्यांचें खरें स्वप्न होतें. स्कूटर हें मध्येंच आलेलें काम. पण त्या कामांत त्यांनीं एक गोष्ट दाखवून दिली. द्रव्य कमी वापरावयाचें तर विचार अधिक वापरावा लागतो. भार कोठून येतो, कोणत्या वाटेनें जातो आणि कोठें जमिनीला मिळतो हें ज्याला नेमकें कळलें, त्याला पातळ पत्रा पुरतो. ज्याला तें कळलें नाहीं, तो भीतीपोटीं लोखंड वाढवीत जातो, आणि त्या भीतीची किंमत वाहन घेणारा जन्मभर इंधनांत मोजतो. बारामतीच्या दाबयंत्राखालून निघणारा प्रत्येक वांकदार पत्रा हा असा आधींच केलेला विचार आहे. त्यांतून वांचलेल्या प्रत्येक किलोच्या जागीं कोणाची तरी भाजी, कोणाचें दूध, कोणाचें मूल सुखानें बसून जातें.